राखणदाराची राखण

जयगडातलं बंद घर पूर्वी कुलपावरून ओळखायचं. आता ते ओळखायचं पागोळीखाली बसवलेल्या कॅमेऱ्यावरून. दिवसा तो नुसता पांढरा डबा असतो. रात्री त्याच्या काचेभोवती तांबूस ठिपके पेटतात आणि गडग्यापलीकडून जाणारी गुरं त्याच्याकडे क्षणभर बघून पुढे सरकतात. कॅमेऱ्यामागे माजघरात रेकॉर्डर, रेकॉर्डरला चिकटून राऊटर, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला डोंबिवली, ठाणे, पुणे अशा ठिकाणी मोबाईल हातात घेऊन बसलेले आम्ही घरमालक. मोबाईलवर बहुतेक वेळा खळं दिसत नाही. एक राखाडी चौकोन दिसतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'उपकरण ऑफलाईन आहे'.

गावाला राखण नवी नाही. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडे जयगडचा किल्ला आणि पलीकडे तवसाळच्या अंगाला विजयगड. आत कोण येतंय, बाहेर कोण जातंय, यावर दोन्ही काठांवरून नजर असायची. टोकावर १९३२ पासून दीपगृह आहे. शिवाय वाडीच्या सीमेवर डोळ्यांना न दिसणारा राखणदार असतोच. त्याला वर्षाचा नारळ-कोंबडा मिळाला, रीतसर गाऱ्हाणं घातलं, की तो रात्रीची फेरी चुकवत नाही असं सगळे मानतात. किल्ला घ्या, दीपगृह घ्या, नाहीतर राखणदार घ्या, यांतल्या एकालाही 'जरा बंद करून पुन्हा चालू करा' असं कोणी कधी सांगितलेलं नाही.

आमच्या राखणदाराला मात्र तेच सांगावं लागतं. आणि तो ऐकण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून शेजारच्या वहिनींना सांगावं लागतं. चाकरमान्याचा गावी फोन गेला की पूर्वी पाऊस, भात, दुखणी-खुपणी आणि मग हळूच हद्दीचा वाद असा क्रम असे. आता पहिलं वाक्यच वेगळं.

"वहिनी, राऊटरवर दिवे किती आहेत?"

"चार."

"सगळे हिरवे?"

"तीन हिरवे. एक कधी असतो, कधी नसतो. तुमच्यासारखा."

"तोच. आता त्याचं बटण बंद करा, दहापर्यंत मोजा आणि चालू करा."

"भावोजी, बटण देवाच्या दिव्याच्या मागे आहे. मी पारोशी आहे. आंघोळ करून येते, मग करते."

राऊटर देव्हाऱ्याशेजारी का, असं कोणी विचारेल. माजघरात एकच सॉकेट होती आणि ती देवासाठी काढलेली. देवाने अर्धी जागा दिली हा त्याचा मोठेपणा. गणपतीत मात्र देवालाच पूर्ण बोर्ड लागतो. आराशीच्या माळा लागतात आणि राऊटरची पिन काढून खिडकीत ठेवली जाते. म्हणजे घर माणसांनी गच्च भरलेलं असतं तेव्हा पहारा बंद, आणि रिकामं असतं तेव्हा... तेव्हाही बहुधा बंदच.

विजेबद्दल जयगडच्या माणसाने तक्रार केली की बाहेरच्यांना हसू येतं. गावातच जिंदलचा १२०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प. तीनशे-तीनशेचे चार संच, त्यांतला पहिला २०१० साली सुरू झाला. राऊटरला लागतात साधारण दहा वॅट. हिशेब केला तर या प्रकल्पावर बारा कोटी राऊटर चालतील. आमचा एक चालत नाही. कारण साधं आहे. प्रकल्पातली वीज चारशे केव्हीच्या तारांवरून सह्याद्री चढून नव्या कोयनेकडे आणि कऱ्हाडकडे निघून जाते आणि राज्याच्या जाळ्यात मिसळते. आमच्या वाडीत येते ती कुठून कुठून फिरून, खांबाखांबाने, आणि दोन खांबांच्या मधे झाडं असतात. पुढ्यात चिमणी दिसते आणि पाठीमागे घरात काळोख. यात प्रकल्पाचा दोष नाही. वायरमनचा तर नाहीच; तो बिचारा ओतत्या पावसात कोयता घेऊन फांदी तोडत असतो. दोष फणसाचा आहे, आणि तो फणस आमच्याच परड्यातला आहे.

वीज जाणं एक वेळ परवडतं, येणं परवडत नाही. ती एकदम येत नाही. येते, दचकते, जाते, परत येते. या गडबडीत राऊटर आधी जागा होतो आणि लाईन शोधू लागतो. भिंतीवरचा फायबरचा डबा अजून जांभया देत असतो. लाईन मिळत नाही म्हटल्यावर राऊटर जो रुसतो तो रुसतोच. दिवे सगळे लावून बसतो, काम मात्र काडीचं करत नाही. सरकारी कचेरीत दुपारी तीन वाजता गेलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही.

रेकॉर्डरचं तसं नाही. तो खालमानेने काम करणारा. इंटरनेट असो वा नसो, वीज आहे तोवर तो आपल्या डिस्कवर उमटवत राहतो आणि डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. म्हणजे राऊटर झोपला तरी चोराचं चित्रण होणारच. हे ऐकून मला धीर आला होता. मग कॅमेरे बसवणाऱ्या पोरानेच सांगितलं की चोर थोडा शिकलेला असला तर जाताना रेकॉर्डरही घेऊन जातो.

तेव्हा राऊटर जागा ठेवणं आलं. या विषयात आमच्या वाडीने केलेलं संशोधन कोकण कृषी विद्यापीठाने दखल घ्यावी इतकं विस्तृत आहे.

पहिली पायरी म्हणजे राऊटरसाठी छोटी बॅटरी. बारा व्होल्टची, डब्याएवढी, वीज गेली तरी काही तास राऊटर चालवते. लावली. वीज गेली, राऊटर तेजाने तळपत राहिला, आणि इंटरनेट गेलं. चौकशी केल्यावर कळलं की केबलवाल्याचा वाटेतल्या खांबावर एक डबा आहे आणि त्या डब्याला बॅटरी नाही. त्याला बसवली असती तर त्याच्या मागच्या डब्याचा प्रश्न आला असता. असं करत करत मी निवळी फाट्यापर्यंत पोचलो असतो.

दुसरा शोध शेजारच्या काकांचा. त्यांनी बाजारातून घड्याळाचा प्लग आणला. चकतीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे दात असतात. पहाटे तीनचा दात बंदवर ठेवला की रोज पहाटे तीनला राऊटर पाव तास झोपणार आणि ताजातवाना होऊन उठणार. कल्पना नामी. पण त्या प्लगचं घड्याळ विजेवर चालतं. वीज चार तास गेली की घड्याळ चार तास मागे. आषाढ संपेपर्यंत त्या घड्याळाची पहाट भर दुपारी व्हायला लागली, श्रावणात ती तिन्हीसांजेला आली. काका ते आता काढत नाहीत. राऊटर किती वाजता बंद पडला यावरून या पावसात वीज एकूण किती तास गेली याचा ते हिशेब मांडतात आणि वायरमनला दाखवतात.

तिसरा प्रयोग माझ्या पुण्याच्या चुलतभावाचा, आणि पुण्याचा असल्यामुळे त्याबद्दल त्याला आजही पश्चात्ताप नाही. त्याने मोबाईलवरून चालू-बंद करता येणारा प्लग आणला आणि राऊटर त्यात खोचला. पुण्यात पोचल्यावर त्याने कोथरूडहून ऐटीत राऊटर बंद केला. झाला. मग चालू करायला गेला. तो प्लग हुकूम घेतो वायफायवरून, वायफाय देतो राऊटर, आणि राऊटर त्या प्लगने बंद केलेला. वहिनींना फोन गेला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग तुमी बंद केलातच कशाला?" त्याचं उत्तर चुलतभाऊ अजून तयार करतो आहे.

याच्याही पुढचं यंत्र असतं. ते दर काही मिनिटांनी इंटरनेटला हाक मारतं, ओ आली नाही की राऊटरची वीज तोडतं, दहा सेकंदांनी जोडतं. आमच्या आळीत एकाने बसवलं. पुढच्याच आठवड्यात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने मैलभर पलीकडे फायबर उखडली. तुटलेल्या तारेला हे यंत्र रात्रभर हाका मारत राहिलं आणि ओ न आल्याबद्दल राऊटरला शिक्षा करत राहिलं. सकाळी राऊटरने राम म्हटला.

आणि मग आमच्या वाडीचं सर्वोच्च शिखर. एका गृहस्थाने वैतागून राऊटरच्या समोरच एक जादा कॅमेरा लावला. दिवा लाल आहे की हिरवा ते मुंबईत बसून दिसावं, शेजाऱ्यांना त्रास नको. राऊटर चालू असेपर्यंत दिवा हिरवा असल्याचं त्याला उत्तम दिसतं.

त्याला हसू नये. जगातला पहिला म्हणवला जाणारा वेबकॅमेरासुद्धा याच जातीचा होता. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेरच्या कॉफीच्या भांड्यावर तो रोखलेला होता. चोर येण्याची भीती नव्हती. जिने उतरून जावं आणि भांडं रिकामं निघावं, एवढाच त्रास टाळायचा होता. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक, ज्यांना त्यातला एक थेंबही मिळणार नव्हता, ते भांडं भरलंय का बघू लागले. २००१ च्या ऑगस्टात कॅमेरा बंद झाला आणि भांडं लिलावात एका जर्मन साप्ताहिकाच्या वेब आवृत्तीने ३,३५० पौंडांना घेतलं. माझ्या खळ्याकडे बघणारा निदान त्या खळ्याचा सातबारा बाळगून आहे.

राऊटर चालू असूनही घर दिसत नाही, हा आणखी निराळा प्रकार. पूर्वीची रीत म्हणजे राऊटरमध्ये एक क्रमांकाचं दार उघडून ठेवायचं. बाहेरून कोणी घराच्या पत्त्यावर येऊन ते ठोठावलं की राऊटर त्याला रेकॉर्डरकडे पाठवणार. त्याला घराचा स्वतःचा पत्ता हवा. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. म्हणून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्याआड गावंच्या गावं बसवतात आणि आतल्या घरांना १००.६४ वगैरेने सुरू होणारे आकडे देतात. २०१२ साली हे आकडे खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. आमच्या पोस्टमनला नुसत्या 'मु. पो. जयगड' वर पत्र पोचवता येतं, कारण त्याला आडनावावरून आळी ठाऊक असते आणि आळीवरून भांडण. नेटवर्कला यातलं काही ठाऊक नसतं. ते पाहुण्याला वेशीवरूनच परत पाठवतं.

यावर तोड अशी की रेकॉर्डरनेच बाहेर पडायचं. तो त्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावतो, माझा मोबाईलही तिथेच जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. दार उघडं टाकायला नको, हा त्यातला फायदा. दारं उघडी टाकणाऱ्यांचं काय झालं ते २०१६ साली दिसलं. 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम जगभर अशा उघड्या दारांवर फिरला आणि कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड वापरून बघत गेला. अगदी 'ॲडमिन' आणि '१२३४५' सुद्धा. कॅमेरे आणि रेकॉर्डर पटापट उघडले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या 'डाइन' या कंपनीवर मारा केला. वेबसाइटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता सांगायचं काम ती कंपनी करी. तिचा श्वास कोंडला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणं तासन् तास लोकांना सापडेनात. मूळ प्रोग्राम लिहिणारी पोरं कॉलेजच्या वयाची होती आणि त्यांची सुरुवात माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरच्या चढाओढीतून झाली होती. घर राखायला ठेवलेले रात्री परमुलखात दरोडे घालत होते आणि मालकाला पत्ता नव्हता. हे मी वाडीत सविस्तर सांगितलं. सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी पासवर्ड बदलून आपापला मोबाईल नंबर ठेवला.

इंटरनेट कंपनीच्या ग्राहक सेवेबद्दल फार लिहीत नाही. ती माणसं गोड बोलतात.

"सर, आमच्या बाजूने लाईन क्लिअर दिसतेय. तुमच्या बाजूने काही प्रॉब्लेम आहे का बघा. आपण आत्ता राऊटरसमोर उभे आहात का?"

"मी डोंबिवलीच्या पुलावर उभा आहे."

"मग राऊटरजवळ गेल्यावर फोन करा, सर."

पुलावरून जयगड साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर आहे. तोवर ते होल्डवर थांबायला तयार होते.

ही झाली माणसांची बाजू. निसर्गाची वेगळी. खाऱ्या वाऱ्याने केबलच्या पिना हिरव्या पडतात. पावसाळ्यात मुंग्यांना ऊब हवी असते, ती त्यांना अडॅप्टरमध्ये मिळते. त्या अंड्यांसकट राहायला येतात. वानरं केबलला लोंबकळतात. रात्री कॅमेऱ्याच्या तांबूस दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि कोळ्याने काचेसमोर जाळं विणलं की दर झुळकेसरशी माझ्या मोबाईलवर 'हालचाल आढळली'. पहिल्या रात्री मी उठून बसलो होतो. चोर अष्टपाद असल्याचं बघून झोपलो. मी कॅमेऱ्यातला स्पीकर वापरून खळ्यातल्या गाईलाही दरडावून पाहिलं आहे. तिने शेपूट हलवली, तीही माशीसाठी.

ढगांच्या गडगडाटात तर वाडीचं शहाणपण आणि माझं ऑनलाईन राहणं यांचं उघड वैर. वैशाखाच्या शेवटी वळीव जमू लागला की वहिनी घराघरातून फिरून मेन स्विच खाली ओढतात. बरोबरच आहे त्यांचं. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण खळ्यावरून गेलेली कॅमेऱ्याची तांब्याची तार तिला आवडते; एका कडकडाटात रेकॉर्डरची अर्धी भोकं जळालेली मी पाहिली आहेत. तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा घराचं काय झालं असेल या काळजीने आम्ही सगळे मोबाईलला डोळे लावून बसलो होतो. म्हणजे ज्या एका दिवसासाठी कॅमेरा हवा होता त्या दिवशी तो नियमाप्रमाणे बंद होता. पत्रे उडाल्याची बातमी नेहमीच्या मार्गाने आली. शेजाऱ्यांनी टेकाडावर रेंजला जाऊन फोन केला.

पुढच्या गणपतीत वाडीतल्या जुन्या मानकऱ्यांनी गाऱ्हाण्यात आमची सोय केली. ते थट्टा करत होते असं म्हणवत नाही, कारण त्यांचा आवाज नेहमीचाच होता.

"बा देवा म्हाराजा! जी लाईन डोंगराआडसून येतेय ती डोंगराआडच तुटता नये..."

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत कुनाचा जेसीबी आडवा आला आसल तर त्याचा डिझेल सपव..."

"व्हय म्हाराजा!"

"चाकरमान्याचा दिवा हिरवा ठेव, आनि जो कोन वाकड्या नजरेन बगल त्याचा फोटो साफ उटू दे..."

"व्हय म्हाराजा!"

यातला शेवटचा मुद्दा खरं तर गौण. चोर आमच्याकडे येण्याचं कारण नाही. तांब्याचा बंब आणि आजोबांची खुर्ची एवढ्यासाठी कोण नदी ओलांडून येतो? कॅमेरा खरा बघतात ते आमचे बाबा. गुडघ्यांमुळे त्यांचा गावचा प्रवास सुटला आहे. सकाळचा चहा ते डोंबिवलीत घेतात, पण टॅब्लेट समोर ठेवून बसतात जयगडच्या खळ्यात. रातांबे पिकल्याचं, गडग्याचा चिरा ढासळल्याचं, कुणाची म्हैस पोफळीत शिरल्याचं वाडीला त्यांच्या फोनवरून कळतं. राऊटर बंद पडला की ते जेवत नाहीत असं नाही, पण जेवताना बोलत नाहीत. या घरात राऊटर चालू ठेवण्याचं खरं कारण हे आहे. इन्शुरन्सवाल्याला मी दुसरं सांगतो.

इतक्या सगळ्या बॅटऱ्या, घड्याळं, यंत्रं झाल्यावर उपाय निघाला तो फुकटातला. वहिनींचा मुलगा दहावीत. त्याने एकदा राऊटर बंद-चालू करून दिल्यावर विचारलं, "काका, वायफायचा पासवर्ड द्याल काय?" मी पाहुण्यांसाठी राऊटरमध्ये वेगळं वायफाय काढलं, जेणेकरून रेकॉर्डरशी त्याचा संबंध येऊ नये, आणि त्याचा पासवर्ड दिला. त्या दिवसापासून आमचा राऊटर सलग बंद असा राहिलेलाच नाही. वीज येऊन तो रुसला तर पाच मिनिटांत कोणीतरी त्याचं बटण दाबतं. पारोसं असो वा आंघोळ केलेलं. मुंग्या झाडल्या जातात, पिना पुसल्या जातात, फणसाची फांदी कोणी न सांगता तोडली गेली. केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्याला पोरांनी कुठून तरी बॅटरी मिळवून दिली असं ऐकतो. कुठून ते मी विचारलेलं नाही.

एकच झालं. आमच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. वायफाय त्यांच्या पलीकडे वहिनींच्या घरापर्यंत जात नाही. ते पोचतं फक्त आमच्या पडवीपर्यंत. त्यामुळे दिवस कलला की वाडीतली सगळी पोरं आमच्या पडवीत. कॅमेऱ्यात ओळीने डोकी दिसतात आणि माझ्या मोबाईलवर सहापासून नऊपर्यंत 'हालचाल आढळली' थांबत नाही. बाबा स्पीकरवरून मधूनच पाढे विचारतात. पोरं उत्तर देतात, चुकलं तर खेळ चालू ठेवून देतात. हल्ली बाबांना म्हशीपेक्षा हा कार्यक्रम आवडतो.

परवा दुपारी कचेरीत असताना वहिनींच्या मुलाचा फोन आला.

"काका, नेट गेलंय. मी दोनदा बंद करून चालू केला. अडॅप्टर बगितला, वायर बगितली, खांबापर्यंत जाऊन आलो. आमच्या बाजूने सगळा क्लिअर हाय. तुमच्या बाजूने काय प्रॉब्लेम हाय काय ता बगा."

मी बघतो म्हटलं. तो होल्डवर थांबला.